प्रकाशाची साक्ष आणि तेलाचे दफ्तर

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी वसलेल्या आंजी (मोठी) आणि तिच्या आसपासच्या खेड्यांतील कास्तकाराला यंत्राच्या साक्षीचा अनुभव नवा नाही. कापसाची गाडी हमीभावाच्या खरेदी-केंद्राच्या दारी उभी राहिली की ओलावामापकाचे टोक त्या पांढऱ्या ढिगात खुपसले जाते, पडद्यावर एक आकडा उमटतो, आणि तो ८ टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण भाव, ८ ते १२ च्या दरम्यान असला तर त्या मानाने कपात, आणि १२ च्या पुढे गेला तर गाडी माघारी, असा निवाडा अर्ध्या मिनिटात होऊन जातो. त्या निवाड्यावर अपील नाही. यंत्र शेवटचे कधी पडताळले, कोणत्या प्रमाणाशी पडताळले, त्याचा दाखला कोणत्या दफ्तरात आहे, हे विचारण्याची सोय रांगेतल्या माणसाला नसते, आणि मागची गाडी हॉर्न वाजवीत असता तशी उसंतही नसते. मात्र हाच कास्तकार कापसाचे पैसे खिशात घालून, वखरणीसाठी ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरावयास जातो, तेव्हा पारडे नेमके उलटते. कारण त्याच्या मालाची परीक्षा यंत्राने झाली असली, तरी जो माल तो रोख मोजून विकत घेतो त्याची परीक्षा करण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते. प्रकाशाच्या साह्याने इंधनाची घडण ओळखणारी, हातात मावणारी यंत्रे आता जगात मिळू लागली आहेत, तेव्हा ती प्रत्येक तालुक्याच्या पुरवठा शाखेला द्यावीत, अशी मागणी कोणालाही सुचेल, आणि ती रास्तही आहे. परंतु यंत्रे आणण्यापूर्वी एक दुसरे, अधिक कंटाळवाणे काम सरकारने केले पाहिजे, आणि ते न करता यंत्रे वाटली तर तीही ओलावामापकाच्याच वाटेने जातील, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत मांडण्यासाठी वाचकांना आंजीपासून थोडे दूर, समुद्राच्या तळाखालच्या खडकापर्यंत नेणे भाग आहे.

डिझेल ज्या कच्च्या तेलातून निघते ते तेल म्हणजे हजारो संयुगांचा मेळा होय. सरळ आणि फाटे फुटलेल्या साखळ्यांची पॅराफिने, कड्यांची नॅफ्थीने, बेंझीनच्या कुळातील अ‍ॅरोमॅटिके, आणि ज्यांच्यामुळे तेलाला काळेपणा व चिकटपणा येतो ती रेझिने व अ‍ॅस्फाल्टीने, शिवाय गंधक, नायट्रोजन, निकेल आणि व्हॅनेडियम यांचे अंश, या सर्वांचे प्रमाण प्रत्येक तेलक्षेत्रागणिक, किंबहुना एकाच क्षेत्राच्या निरनिराळ्या थरांगणिक बदलते. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या चुनखडकात जे तेल गाठले, आणि १९७६ च्या मे महिन्यात ज्याचे उत्पादन सुरू झाले, ते बॉम्बे हायचे तेल हलके आणि गंधकाच्या बाबतीत सोवळे आहे, त्यातील गंधक ०.२ टक्क्यांहूनही कमी भरते. पण त्यात मेण इतके आहे की वर्ध्याच्या पौषातल्या पहाटे ते उघड्या भांड्यात ठेवले तर थिजून बसावे. उलट आखातातील ‘अरब हेवी’ या नावाने ओळखले जाणारे तेल जड, काळेभोर आणि गंधकाने भरलेले, त्यातील गंधकाचे प्रमाण अडीच-तीन टक्क्यांच्या घरात. मुंबईच्या ट्रॉम्बे भागात १९५४-५५ मध्ये उभे राहिलेले दोन शुद्धीकरण कारखाने (एक स्टॅनव्हॅकचा, दुसरा बर्मा-शेलचा, आणि दोन्ही आता सरकारी कंपन्यांच्या मालकीचे) आरंभी परदेशी तेलावर चालत, पुढे बॉम्बे हायचे तेल उरणमार्गे त्यांच्यापर्यंत पोहोचू लागले. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते, आणि २०२२ पूर्वी ज्या रशियाचा त्या आयातीतील हिस्सा २ टक्क्यांच्याही आत होता त्याचा हिस्सा नंतर एक-तृतीयांशाच्या आसपास गेला, हे सर्वश्रुत आहे. राजकारणाचे वारे जसे फिरते, तसा कारखान्याच्या भट्टीत जाणारा मेळाही बदलतो. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे तो कामास येणार आहे.

या मेळ्याची मोजदाद करण्याची जुनी रीत अग्नीची आहे. तेल तापवावयाचे, कोणत्या तापमानाला किती भाग वाफ होऊन निघाला ते टिपावयाचे, प्रत्येक भाग पुन्हा तपासावयाचा. ही रीत बिनचूक खरी, पण एका नमुन्याची साद्यंत परीक्षा करावयाची तर दिवसच्या दिवस जातात आणि नमुनाही पुष्कळ लागतो. प्रकाशाची रीत निराळी. प्रत्येक संयुगाला काही ठराविक लहरींचा प्रकाश गिळण्याची, आणि काहींना तो गिळून दुसऱ्याच रंगाचा परत टाकण्याची उपजत सवय असते. ही सवय वाचता आली की तेलाला हातही न लावता त्याची घडण सांगता येते.

यातील सर्वांत जुनी आणि डोळ्यांना सर्वांत सुखद अशी रीत अनुस्फुरणाची. काही स्फटिकांवर व द्रावणांवर अतिनील किरण पाडले असता ती निळसर प्रकाशू लागतात, या चमत्काराचा शास्त्रीय उलगडा स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये केला आणि त्याला नावही दिले. पण त्याचा रोजचा, कष्टाचा उपयोग पाहावयाचा असेल तर तेलविहिरीच्या फलाटावर जावे. खोदाई चालू असताना चिखलाबरोबर वर येणारा खडकाचा चुरा धुऊन, एका बशीत पसरून, काळ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरला जातो, आणि भूशास्त्रज्ञ पेटीच्या झरोक्याला डोळा लावून बसतो. चुऱ्यात तेल नसेल तर सारे जांभळट अंधारातच राहते. असेल तर कण पेटून उठतात. हलके तेल निळसर पांढरे, मध्यम तेल सोनेरी पिवळे, आणि जड तेल मळकट तपकिरी दिसते, कारण अ‍ॅस्फाल्टिनांसारखे मोठे घटक शेजारच्या घटकांचा प्रकाश आपल्या पोटात ओढून घेतात. तरीही हा पुरावा पुरेसा मानला जात नाही, कारण काही खनिजेही अशीच चमकतात. म्हणून त्या कणावर द्रावकाचा एक थेंब टाकतात, आणि कणातून प्रकाशाचा धागा पाझरून बशीभर पसरू लागला म्हणजे तेव्हा कुठे वहीत नोंद होते. कोट्यवधी रुपयांची खोदाई पुढे न्यावी की थांबवावी, याच्या निर्णयात त्या थेंबाला स्थान असते.

अलीकडच्या काळात हीच परीक्षा विहिरीच्या तळाशीच करण्याची सोय झाली आहे. १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या उपकरणांत नीलमणी स्फटिकाच्या दोन खिडक्यांमधून खडकातला द्रव वाहू देतात, एका बाजूने दिव्याचा प्रकाश सोडतात आणि दुसऱ्या बाजूला तो कितपत पोहोचला ते लहरीलहरीने मोजतात. सुमारे १४५० आणि १९४० नॅनोमीटरपाशी प्रकाश नाहीसा झाला तर ते पाणी, १७०० च्या आसपास नाहीसा झाला तर कार्बन-हायड्रोजनचा बंध म्हणजे तेल वा वायू, आणि दृश्य प्रकाशाकडील बाजू जितकी काळवंडली तितके अ‍ॅस्फाल्टीन अधिक, असा तो हिशेब आहे. किलोमीटर-दोन किलोमीटर खोलीवर, शेकडो वातावरणांच्या दाबाखाली असलेले तेल तेथल्या तेथे वाचावयाचे, ही मनुष्याच्या बुद्धीची मोठीच मजल म्हटली पाहिजे.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली, विखुरलेल्या प्रकाशाची रीतही तेलाला लावून पाहिली जाते. पण काळ्या तेलात अनुस्फुरणाचा कल्लोळ इतका असतो की रामन-प्रकाशाची क्षीण कुजबुज त्यात बुडून जाते, आणि म्हणून अवरक्ताकडील लेझर वापरण्याची युक्ती योजावी लागते. (विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर वित्त खात्याच्या नोकरीत असताना हे रामन आमच्या नागपुरास बदलून आले होते आणि सरकारी हिशेब तपासून उरलेल्या वेळात आपले प्रयोग करीत होते, हे वैदर्भीयांनी विसरू नये.)

या साऱ्या रीतींमध्ये जी आज शुद्धीकरण कारखान्यांत अहोरात्र राबते ती समीप-अवरक्त किरणांची, आणि तिचे कुळ शोधू गेल्यास ते धान्याच्या कोठारात सापडते, ही गोष्ट मला फार मनोज्ञ वाटते. अमेरिकेच्या कृषिखात्यात कार्ल नॉरिस नावाच्या अभियंत्याने १९६० च्या सुमारास धान्यातील ओलावा प्रकाशाने मोजण्याचा ध्यास घेतला. समीप-अवरक्त वर्णपटातले पट्टे एकमेकांवर चढलेले, पसरट, दिसावयास निरर्थक. रसायनशास्त्रज्ञांनी त्या प्रदेशाकडे पाठच फिरवलेली होती. नॉरिसने त्यावर संख्याशास्त्राचे हत्यार चालविले: ज्यांचा ओलावा भट्टीत वाळवून आधीच काढला आहे असे पुष्कळ नमुने घ्यावयाचे, त्यांचे वर्णपट टिपावयाचे, आणि कोणत्या लहरीतील चढउतार ओलाव्याच्या चढउताराशी जुळतो ते गणिताने हुडकावयाचे. हीच युक्ती पुढे तेलाकडे आली. १९८९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी पेट्रोलच्या समीप-अवरक्त वर्णपटावरून त्याचा ऑक्टेन अंक वर्तवून दाखविला, आणि एका एका नमुन्यासाठी प्रमाणित इंजिन चालवून जो अंक काढावा लागे तो नळीला बसविलेल्या खिडकीतून क्षणाक्षणाला वाचता येऊ लागला. आज कच्च्या तेलांच्या मिश्रणापासून तयार डिझेलपर्यंत ही नजर कारखान्यांत ठिकठिकाणी बसविलेली असते.

आता खऱ्या मुद्द्याकडे वळतो. नॉरिसच्या युक्तीत यंत्राला स्वतःचे असे ज्ञान काहीच नसते. आधी अग्नीने वा अन्य सनदशीर रीतीने तपासलेल्या नमुन्यांचा जो साठा त्याच्या पोटात भरला असेल त्याच्याशी समोरच्या थेंबाची तुलना करून ते उत्तर देते. साठा जसा, तसे उत्तर. ज्या प्रकारचे तेल त्या साठ्यात कधी आलेच नाही, असे तेल पुढे आले तरी यंत्र गप्प बसत नाही. ते तितक्याच आत्मविश्वासाने आकडा सांगते, आणि तो आकडा चुकीचा असतो. अनुस्फुरणाचीही तीच गत. समुद्राच्या पाण्यात खनिज तेलाचा अंश किती, हे अतिनील अनुस्फुरणाने मोजण्याची पद्धत जगभर रूढ आहे. पण ते मोजताना तुलनेसाठी कोणते प्रमाण घेतले, एखादे शुद्ध संयुग घेतले की अमुक एका क्षेत्राचे कच्चे तेल घेतले, यावर हाती येणारा आकडा अवलंबून असतो, कारण सारखे वजन असूनही दोन तेले सारखी चमकत नाहीत. प्रमाण कोणते हे न सांगता नुसता आकडा सांगणे म्हणजे कोणत्या गावचा पायली-मापट्याचा संच वापरला हे न सांगता धान्य मोजून देण्यासारखे आहे.

आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात गोव्याच्या वाळूवर डांबराच्या गोळ्या येऊन पडतात, पर्यटकांच्या पायांना चिकटतात आणि कोळ्यांची जाळी खराब करतात. त्या गोळ्या बॉम्बे हायच्या तेलाच्या, की आखाताकडून येणाऱ्या टँकरांनी टाक्या धुऊन समुद्रात सोडलेल्या गाळाच्या, हा वाद जुना आहे, आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांच्या रासायनिक ठशांवर पुष्कळ काम केले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन जे तेल सांडले त्या प्रसंगी जहाज कोणते हे डोळ्यांनी दिसत होते, म्हणून अपराधी शोधण्याचे श्रम पडले नाहीत. पण रात्री चोरून टाकी धुणाऱ्या जहाजाचा ठसा जुळवावयाचा तर संशयित तेलांचे नमुने आधीपासून कोणाच्या तरी कपाटात असावे लागतात. ठसा कितीही स्पष्ट उमटो; तुलनेला दुसरा ठसा नसेल तर त्याने कोणालाही दोषी ठरविता येत नाही.

इतके झाल्यावर आपण पुन्हा पंपावर येऊ. ग्राहकाला कायद्याने आणि कंपन्यांच्या नियमांनी काय हक्क दिले आहेत? पाच लिटरच्या प्रमाणित मापाने माप तपासून मागता येते. पेट्रोलचा थेंब गाळणकागदावर टाकून, तो उडून गेल्यावर डाग उरतो का, ते पाहता येते. घनतेची परीक्षा मागता येते: काचेच्या उंच नळकांड्यात तेल ओतून त्यात तरंगमापक व तापमापी सोडावयाची, दोन्हींचे आकडे टिपावयाचे, तक्त्यावरून ते १५ अंश सेल्सियसला रूपांतरित करावयाचे, आणि टँकर आला त्या वेळच्या नोंदीशी ताडून पाहावयाचे, दर घनमीटरला ३ किलोंपर्यंतची तफावत क्षम्य. ही वर्णने वाचावयास भारदस्त आहेत. पण यातील गाळणकागदाची परीक्षा पेट्रोलची. डिझेल उडून जात नसल्याने कास्तकाराला तिचा काडीइतका उपयोग नाही. उरली घनतेची. डिझेलमध्ये हलके रॉकेल मिसळले तर घनता उतरते खरी, परंतु भेसळ करणारा इतका भोळा नसतो. तो हलक्याबरोबर थोडे जड तेलही ओततो, आणि तरंगमापक बिनतक्रार जुन्याच खुणेवर उभा राहतो. भेसळ पकडणारी खरी कलमे म्हणजे ऊर्ध्वपातनाचा पल्ला, ज्वलनांक, गंधकाचे प्रमाण. २०२० च्या एप्रिलपासून डिझेलमध्ये गंधक दर दशलक्षात १० भागांहून अधिक नसावे असा दंडक आहे, आणि तेही अखेर अतिनील अनुस्फुरणानेच मोजण्याची रीत प्रमाणित आहे. पण या साऱ्या परीक्षा प्रयोगशाळेत होतात. पेट्रोल-डिझेलविषयीच्या २००५ च्या नियंत्रण आदेशाप्रमाणे अधिकृत अंमलदाराने पंचांसमक्ष नमुने घ्यावयाचे, मोहोरबंद करावयाचे, एक विक्रेत्याकडे ठेवून दुसरा प्रयोगशाळेकडे रवाना करावयाचा, आणि अहवालाची वाट पाहावयाची. आंजीच्या कास्तकाराने फिर्याद केली तरी अंमलदार येईपर्यंत टाकीत नवा टँकर रिकामा झालेला असतो.

भेसळ आणि चोरी पकडण्याच्या या खटपटीत माणसांनी प्राणही गमावले आहेत. २००५ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी येथे इंडियन ऑईलचा तरुण अधिकारी एस. मंजुनाथ मारला गेला. आणि २५ जानेवारी २०११ रोजी, आपल्याच मनमाडजवळच्या पानेवाडी येथे, तेलाच्या चोरीचा प्रकार उघडकीस आणावयास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेल ओतून जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्यानंतर धाडी पडल्या, जप्त्या झाल्या, वृत्तपत्रांचे रकाने भरले. पण ज्या अधिकाऱ्याला जागेवरच, दोन मिनिटांत, टँकरमधल्या तेलाची खातरजमा करता आली असती त्याला मोबाईलवर चित्रे घेत उभे राहण्याची गरज किती पडली असती, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. मी तो आज विचारतो, आणि त्याचे उत्तर सोपे नाही हेही जाणतो. गुंडगिरीला वर्णपटमापक हे उत्तर होऊ शकत नाही.

सरकारने रंगाचा उपाय पूर्वीच केला होता. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला गेला, आणि हीसुद्धा प्रकाशाचीच, पण नुसत्या डोळ्यांनी करावयाची परीक्षा होती. रंग शोषून घेणाऱ्या मातीतून वा कोळशातून रॉकेल गाळून पांढरे करणाऱ्यांनी ती निष्फळ केली. मग २००६ मध्ये डोळ्यांना न दिसणारी रासायनिक खूण रॉकेलमध्ये घालण्याची योजना आली. तीही धुऊन निघते असे दिसून आल्यावर दोनेक वर्षांतच गुंडाळावी लागली. बाहेरून घातलेली खूण बाहेर काढता येते. तेलाची स्वतःची घडण मात्र धुऊन काढता येत नाही, म्हणून तिचा वर्णपट वाचणे हाच टिकाऊ मार्ग. डिझेलमध्ये वनस्पतिजन्य एस्टर, म्हणजे बायोडिझेल, किती मिसळले आहे हे मध्य-अवरक्त पट्ट्यावरून मोजण्याची युरोपीय प्रमाणपद्धती आहेच, आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत गेलेले इथेनॉल तर या किरणांना ठळकपणे दिसते. डिझेलमधले रॉकेल ओळखणे त्याहून कठीण, कारण दोघांचे घटक मोठ्या प्रमाणात सामायिक आहेत; अल्प भेसळ निसटून जाईल, पण धंदा म्हणून केलेली भेसळ अल्प नसते.

आणि येथेच कच्च्या तेलाच्या बदलत्या मेळ्याचा मुद्दा परत येतो. कारखान्यात या महिन्यात आखाताचे तेल, पुढच्या महिन्यात रशियाचे, त्यापुढे अमेरिकेचे; प्रत्येकातून निघणारे डिझेल मानकाच्या चौकटीत बसत असले, तरी त्याच्या वर्णपटात कायदेशीर, निष्पाप असे फरक असतात. एखाद्या परदेशी कंपनीने आपल्या देशातल्या डिझेलवर शिकविलेले यंत्र आपण विकत आणून आर्वीच्या वा वर्ध्याच्या कचेरीत ठेवले, तर ते शुद्ध डिझेलला भेसळ म्हणेल आणि चतुर भेसळीला शुद्ध. प्रामाणिक पंपचालक नागवला जाईल, आणि न्यायालयात पहिल्याच उलटतपासणीत सरकारची फजिती होईल. मग ते यंत्र कपाटात जाईल. आपल्या सरकारी कचेऱ्यांची कपाटे अशा यंत्रांनी भरलेली आहेत.

म्हणून आधी दफ्तर, मग यंत्र. वर्धा जिल्ह्याला ज्या ज्या डेपोंतून माल येतो, त्यांतून प्रत्येक महिन्याला, आणि कारखान्याच्या मालात लक्षणीय बदल झाला की मधेही, डिझेल-पेट्रोलचे नमुने घ्यावेत. त्यांची जुन्या रीतीने साद्यंत परीक्षा व्हावी. त्याच नमुन्यांचे वर्णपट टिपले जावेत. शिवाय रॉकेल, द्रावके, बेस ऑईल ठराविक प्रमाणात जाणूनबुजून मिसळून त्या मिश्रणांचेही वर्णपट नोंदवावेत. आणि हे सर्व तारीख, डेपो व खेप यांच्या नोंदीसह कोणालाही पाहता येईल अशा रीतीने प्रसिद्ध व्हावे. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था, कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली, तेल व पेट्रोरसायन या विषयांचे शिक्षण देत आली आहे. हे काम तिच्याकडे जावे, यापरते उचित काय? वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यातील एखादा भाग उचलला, तर सेल्यूच्या व देवळीच्या मुलांना वर्णपट म्हणजे काय हे परीक्षेपुरते पाठ करावे लागणार नाही.

तेलकंपन्या म्हणतील, हे आमचे व्यापारी गुपित आहे. हा आक्षेप मला मान्य नाही. नॉर्वेची इक्विनॉर, अमेरिकेची एक्सॉनमोबिल यांसारख्या कंपन्या आपल्या कच्च्या तेलांचे पृथक्करण स्वतःहून प्रसिद्ध करतात. गिऱ्हाईक मिळावे म्हणून का होईना, करतात. मग भारतीय मानकाप्रमाणे विकल्या जाणाऱ्या, आणि सरकारी मालकीच्या कंपन्यांनी विकलेल्या डिझेलचा वर्णपट गुप्त ठेवण्याजोगा का असावा? टँकरच्या खेपांचे नमुने बाटल्यांत राखून ठेवण्याचा शिरस्ता या कंपन्यांनी आपल्या पंपांना लावूनच दिला आहे. त्या बाटल्यांचे वाचन करून ते लोकांच्या स्वाधीन करावयाचे, एवढीच पुढची पायरी.

वर्ध्यात ही मागणी करताना मगनवाडीची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या आणि मगनवाडीत वसलेल्या ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांना खनिज तेलाचे वावडे होते. निसर्गात सतत उत्पन्न होणाऱ्या वस्तूंवर चालणारी प्रवाहाची अर्थव्यवस्था आणि एकदाच भरलेल्या साठ्यावर चालणारी संचिताची अर्थव्यवस्था, असा भेद करून ते दुसरीस हिंसेचे मूळ मानीत, आणि गावाने रॉकेलसाठी परक्या कंपन्यांपुढे हात पसरू नये म्हणून वनस्पतितेलावर जळणारा ‘मगनदीप’ तेथे सिद्ध झाला. मगनदीपाने रॉकेलचा कंदील हटला नाही, पुढे वीज आली आणि दोघेही मागे पडले; आणि आज ट्रॅक्टर, फवारणीयंत्र, थ्रेशर यांच्यावाचून आंजीचा एकही हंगाम निभत नाही, तेव्हा कुमारप्पांच्या मार्गाने परत जाण्याचा उपदेश मी कोणाला करणार नाही. पण गावात जी वस्तू बाहेरून येते तिच्याविषयीचे ज्ञान तरी गावाच्या आवाक्यात असावे, हा त्यांच्या विचारातला भाग कालबाह्य झाला आहे असे मला वाटत नाही.

दफ्तर तयार झाल्यावर यंत्र आणावे, आणि त्याचा अधिकार आरंभापासूनच मर्यादित ठेवावा. यंत्राच्या शब्दावर कोणाचा परवाना जाऊ नये, कोणाला दंडही होऊ नये. त्याने फक्त चाळणीचे काम करावे, म्हणजे कोणता नमुना मोहोरबंद करून पुढे पाठवावयाचा एवढे सांगावे. पंचनाम्यात यंत्राचा क्रमांक, त्याच्या शेवटच्या पडताळणीची तारीख आणि ते कोणत्या महिन्याच्या नमुनासंग्रहाशी ताडले गेले याची नोंद असावी, आणि फिर्यादीला त्या वाचनाची छापील प्रत तेथल्या तेथे मिळावी. मशागतीच्या दिवसांत आणि सोयाबीनच्या मळणीच्या वेळी डिझेलची मागणी वाढते. तपासणीच्या फेऱ्या त्या वेळापत्रकाला जोडल्या म्हणजे पुरवठा निरीक्षकाचे श्रमही सार्थकी लागतील.

राहता राहिला पंपचालकांचा आक्षेप. तो मला सर्वांत वजनदार वाटतो. त्यांचे म्हणणे असे की भेसळ डेपोत होते, वाटेत टँकरवाला करतो, आणि पकडला जातो तो मात्र टाकीचा मालक. आजच्या व्यवस्थेत यातले खरे-खोटे करणे फार अवघड आहे, कारण टाकीतला माल बिघडलेला आहे इतकेच कळते. तो कोठून निघताना कसा होता हे सांगणारी दुसरी साक्ष नसते. डेपोतून निघालेल्या खेपेचा वर्णपट दफ्तरात, टँकर रिकामा होताना घेतलेल्या बाटलीचा वर्णपट पंपावर, आणि टाकीतल्या तेलाचा वर्णपट निरीक्षकाच्या हातात, असे तिन्ही एकमेकांशेजारी ठेवता आले म्हणजे पहिले दोन जुळतात, दुसरे दोन, की तिन्ही, यावरून तपासाने डेपोकडे वळावे, रस्त्याकडे वळावे की टाकीच्या झाकणाकडे, हे त्याच दिवशी ठरेल. आणि पंपचालकांच्या संघटनांना आपल्या सभासदांच्या सचोटीची खात्री असेल तर नमुनासंग्रहाची मागणी कास्तकारांच्या आधी त्यांनीच जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयास हवी.